विज्ञानाचा तराजू

(अमुक औषध गुणकारी आहे, तमुक बियाणे उत्तम आहे, असे आपण नेहमी ऐकतो. त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात? अलीकडच्या काळात वैद्यक, जीवशास्त्र, शेती आणि व्यायाम या क्षेत्रांत झालेल्या चार संशोधनांच्या आधारे प्रस्तुत पाठात या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे.)



पावसाळ्यातील गोष्ट आहे. माझ्या बहिणीच्या मुलाला ताप आला. तो तुमच्याच वयाचा, आठवीत शिकणारा. दोन दिवस झाले तरी ताप उतरेना. डोके दुखू लागले, डोळ्यांच्या मागे ठणका लागला, अंगावर लाल पुरळ उठले. रक्त तपासले तेव्हा कळले, की हा डेंग्यू आहे. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी कमी झाल्या होत्या. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले.

मग काय विचारता! जो भेटायला येई तो एक उपाय सांगे. माझी अम्मी, म्हणजे त्याची नानी, पपईच्या पानांचा रस काढून देऊ लागली. त्याचे चाचा कुठूनसे बकरीचे दूध घेऊन आले. शेजारच्या खालांनी किवीची फळे पाठवली. डॉक्टरांनी मात्र साधाच उपचार सांगितला होता. तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पूर्ण विश्रांती आणि ठरल्या वेळी रक्ताची तपासणी.

सहाव्या दिवशी ताप उतरला. हळूहळू प्लेटलेटही वाढल्या. सगळ्यांना हायसे वाटले. पण मग घरात एक गोड वाद सुरू झाला. नानी म्हणे, "माझ्या रसानेच पोरगा वाचला." चाचा म्हणत, "बकरीच्या दुधाची ताकद तुम्हांला ठाऊक नाही." खाला म्हणत, "किवी दिली आणि दुसऱ्याच दिवशी ताप उतरला."

अंथरुणावर बसून तो मुलगा हे सारे ऐकत होता. त्याने मला विचारले, "मामू, तुम्ही तर विज्ञान शिकवता. सांगा ना, मी नक्की कशाने बरा झालो?"

वर्गात रोज चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा मी, या एका प्रश्नापुढे निरुत्तर झालो. त्याला एकाच वेळी सर्व काही दिले होते. शिवाय डेंग्यूचे बहुतेक रोगी पाणी आणि विश्रांती मिळाली, की आठवड्याभरात बरे होतात. मग यांतले काहीच दिले नसते तर काय झाले असते? हे कळायला आता मार्ग नव्हता. कारण तो एकटाच होता. त्याच्याशी तुलना करायला दुसरा कोणी नव्हता.

मित्रांनो, हीच या पाठातील मुख्य गोष्ट आहे. तराजू हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत आणि मराठीत तो एकच आहे. तराजूला दोन पारडी असतात. वाण्याने एकाच पारड्यात साखर टाकली आणि दुसऱ्यात वजनच ठेवले नाही, तर ती साखर किती हे तुम्हांला कळेल काय? औषधाचेही तसेच आहे. एका पारड्यात औषध घेणारे रोगी असले, तर दुसऱ्या पारड्यात ते न घेणारे रोगी हवेत. तेव्हाच फरक दिसतो.

हा विचार फार जुना आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी बगदाद आणि रै या शहरांत अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया राझी नावाचे थोर हकीम होऊन गेले. 'सरसाम' या मेंदूच्या विकारात शरीरातील रक्त काढल्याने गुण येतो काय, असा प्रश्न त्यांना पडला होता. त्यांनी काही रोग्यांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही. मग दोन्ही गटांचे काय होते ते पाहिले. दुसरे पारडे रिकामे ठेवायचे नाही, हे त्यांना उमगले होते. रक्त काढल्याने गुण येतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो मात्र पुढे टिकला नाही. आज या आजारावर कोणीही रक्त काढत नाही.

इतक्या मोठ्या हकिमाची तुलना कशी चुकली असेल? दोन्ही गट सारखे असले पाहिजेत, ही अट मोठी अवघड आहे. समजा, धडधाकट रोगी एका गटात गेले आणि अशक्त रोगी दुसऱ्या गटात गेले. मग पहिला गट लवकर बरा होणारच. त्यात औषधाचा काय गुण? हे गट माणसाने स्वतः निवडले, की त्याच्या नकळत असा पक्षपात होतो. म्हणून विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी एक सोपी युक्ती वापरायला सुरुवात केली. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. चिठ्ठीला श्रीमंत-गरीब कळत नाही, सशक्त-अशक्त कळत नाही. रोगी पुष्कळ असले, म्हणजे दोन्ही पारड्यांत सर्व प्रकारचे लोक सारखेच येतात. आज हे काम संगणक करतो. पण तत्त्व चिठ्ठीचेच आहे.

आता हा तराजू हातात घेऊन आपण चार ठिकाणी जाऊ या.

पहिले ठिकाण आफ्रिका. डासाच्या चाव्यातून होणारा मलेरिया तुम्हांला माहीत आहे. या रोगाने जगात दरवर्षी सुमारे सहा लाख माणसे मरतात. त्यांपैकी बहुतेक मृत्यू आफ्रिकेत होतात आणि त्यांत सर्वांत जास्त संख्या पाच वर्षांखालील बालकांची असते. मलेरियाचा परजीवी मोठा चलाख असतो. शरीरात शिरल्यावर तो यकृतात जातो, मग रक्तात येतो आणि प्रत्येक टप्प्यावर आपले रूप बदलतो. त्यामुळे त्याच्यावर लस तयार करायला शास्त्रज्ञांना कित्येक दशके लागली. पहिल्या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि आपल्या पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट यांनी मिळून दुसरी लस तयार केली. तिचे नाव आर-२१. तिची चाचणी बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानिया या चार देशांत झाली. पाच महिने ते तीन वर्षे वयाची सुमारे ४,८०० मुले तिच्यात होती. कोणाला कोणती लस द्यायची, हे चिठ्ठीच्या तत्त्वाने ठरले. कोणत्या मुलाला काय टोचले, हे आईबापांना ठाऊक नव्हते आणि मुलांना तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर तपासणाऱ्याच्या मनाचा कल एका बाजूला झुकला असता.

इथे तुमच्यापैकी कोणी हात वर करील आणि विचारील, "सर, ज्या मुलांना मलेरियाची लस मिळाली नाही, त्यांच्यावर हा अन्याय नाही का?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर नीट समजून घ्या. चाचणी संपेपर्यंत लस गुणकारी आहे की नाही, हे कोणालाच माहीत नसते. ती निरुपयोगी ठरू शकते, अपायकारकही ठरू शकते. म्हणून आईबापांना सर्व समजावून सांगून त्यांची संमती घ्यावी लागते. शिवाय दुसऱ्या गटातील मुलांना नुसते पाणी टोचले नव्हते. त्यांना कुत्रा चावल्यावर होणाऱ्या रेबीज या रोगाची लस दिली होती. म्हणजे त्यांच्याही पदरी काहीतरी पडले.

निकाल काय लागला? जिथे मलेरिया ठरावीक ऋतूतच पसरतो, तिथे पहिल्या वर्षात ही लस ७५ टक्के परिणामकारक ठरली. जिथे तो वर्षभर असतो, तिथे ६८ टक्के. ७५ टक्के म्हणजे काय? ज्या काळात लस न मिळालेल्या १०० मुलांना मलेरिया झाला असता, त्या काळात लस मिळाल्यावर त्यांपैकी सुमारे २५ मुलांनाच झाला. म्हणजे लस घेतली तरी काही मुलांना मलेरिया झालाच. पण ७५ मुले वाचली, हे विसरून कसे चालेल? २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या लसीची शिफारस केली आणि २०२४ साली आफ्रिकेत ती नेहमीच्या लसीकरणात दिली जाऊ लागली. पुण्यात भरलेल्या बाटल्या आयव्हरी कोस्टमधील बालकांपर्यंत पोहोचल्या.

दुसरे ठिकाण इंडोनेशियातील योग्यकार्ता शहर. इथे शास्त्रज्ञांनी डेंग्यूचे डास मारले नाहीत, उलट नवे डास सोडले! वाचून नवल वाटले ना? पण पुढे ऐका.

वोल्बाकिया नावाचा एक जिवाणू आहे. निसर्गातील कितीतरी कीटकांच्या शरीरात तो राहतो. माणसाला त्याच्यापासून रोग होत नाही. मात्र डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासात तो निसर्गतः आढळत नाही. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी फळमाशीतील हा जिवाणू अतिशय बारीक सुईने या डासाच्या अंड्यांत घातला. असंख्य अंडी वाया गेली. वर्षानुवर्षे धीराने प्रयत्न केल्यावर त्यांना यश आले. हा जिवाणू डासाच्या अंगात असला, की डेंग्यूचा विषाणू तिथे नीट वाढू शकत नाही. डास चावतो, पण रोग पोहोचत नाही. आणखी गंमत म्हणजे मादीकडून हा जिवाणू तिच्या पिलांना आपोआप मिळतो. म्हणजे एकदा तो डासांत रुजला, की पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो.

प्रयोगशाळेत हे ठीक. पण माणसांच्या वस्तीत? तिथे पुन्हा तराजू आला. योग्यकार्ता शहराचे २४ भाग पाडले. त्यांतील १२ भाग चिठ्ठीच्या तत्त्वाने निवडले. त्या भागांत वोल्बाकियायुक्त डासांच्या अंड्यांची भांडी ठेवली. ही भांडी लोकांनी आपल्या घरी, आपल्या अंगणात ठेवून घेतली. विचार करा, डासांची अंडी आपल्या अंगणात ठेवून घ्यायला किती विश्वास लागला असेल! उरलेल्या १२ भागांत काही सोडले नाही. मग दोन्हीकडच्या दवाखान्यांत तापाचे जे रोगी आले, त्यांची तपासणी केली. जिथे नवे डास सोडले नव्हते, तिथे तपासलेल्यांपैकी ९.४ टक्के रोग्यांना डेंग्यू निघाला. जिथे सोडले होते, तिथे फक्त २.३ टक्के रोग्यांना. एकूण हिशेब केला, तेव्हा डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर शहराच्या उरलेल्या भागांतही हे डास सोडले गेले. आपल्या देशात पुदुच्चेरी येथील सरकारी संशोधन केंद्रानेही असे डास तयार केल्याचे २०२२ साली जाहीर केले.

पण कोणी असे समजू नये, की आता कूलरमधले पाणी आणि गच्चीवरचे टायर तसेच राहू द्यावेत. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. तुमच्या घराभोवती साठलेले पाणी ओतून देणे, हे काम शास्त्रज्ञ करणार नाहीत. ते तुमचे आहे.

तिसरे ठिकाण आपल्याच देशातील ओडिशा. ओडिशात भात हे मुख्य पीक. तिथे पुराचे पाणी शेतात शिरते आणि दहा-दहा दिवस हटत नाही. कोकणातील भातशेती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तुम्ही म्हणाल, भाताला तर पाणी आवडते. आवडते, पण मुळाशी. रोप पूर्ण बुडाले, की त्याचा जीव गुदमरतो. ते पाण्याच्या वर डोके काढण्यासाठी भराभर उंच वाढू लागते. या धडपडीत त्याची साठवलेली सारी शक्ती संपते. पाणी ओसरते तेव्हा रोप आडवे पडते आणि मरते. शेतकऱ्याच्या हातातोंडाशी आलेला घास जातो.

ओडिशातीलच एका जुन्या देशी जातीचे भात मात्र पुरात तगून राहते. त्याचे गुपित कोणते? त्या भाताच्या पेशींत एक विशेष जनुक आहे. जनुक म्हणजे आईबापांकडून संततीला मिळणारी गुणांची सूचना. या जनुकाला 'सब-१-ए' असे नाव दिले आहे. तो नेमका कोणता, हे शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले. पाणी डोक्यावरून गेले, की हे जनुक रोपाला जणू सांगते, "धडपडू नकोस, गप्प राहा, शक्ती राखून ठेव." रोप वाढ थांबवून सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. पाणी ओसरले, की पुन्हा फुटते. मित्रांनो, संकटात उगाच हातपाय न झाडता धीर धरावा, हे आपले वडीलधारे सांगतात. हे रोप तेच करते!

हा गुण शास्त्रज्ञांनी संकराच्या पद्धतीने 'स्वर्णा' या लोकप्रिय जातीत आणला. 'स्वर्णा सब-१' ही नवी जात २००९ साली भारतात शेतकऱ्यांसाठी उपलब्ध झाली. पण शेतकरी प्रयोगशाळेत राहत नाही. म्हणून ओडिशातील १२८ गावांत तिची परीक्षा झाली. काही गावांतील शेतकऱ्यांना हे बियाणे दिले आणि तुलनेसाठी काही गावांना दिले नाही. गावांची निवड इथेही चिठ्ठीच्या तत्त्वानेच झाली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेत दहा दिवस बुडाले, तर नव्या जातीचे उत्पन्न जुन्या जातीपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक येते. आणि पूर आला नाही, तरी उत्पन्नात घट होत नाही.

या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. गावातील सखल, पुरात पहिल्यांदा बुडणारी जमीन बहुतेक कोणाची होती? समाजाने ज्यांना खालच्या जातीचे ठरवून मागे ठेवले, त्यांची. चांगली, उंचावरची जमीन त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती. म्हणून या नव्या बियाण्याचा जास्तीत जास्त फायदाही त्यांनाच होऊ शकतो. नीट हिशेब ठेवला नसता, तर हे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

आता चौथे ठिकाण. त्यासाठी लांब जायला नको, आपले पायच पुरेत. रोज दहा हजार पावले चालावे, असे तुम्ही ऐकले असेल. हा आकडा कोणत्या संशोधनातून आला? खरे सांगायचे, तर तो जाहिरातीतून आला! १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले. त्याचे नाव होते 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा ऐकायला छान होता. लोकांच्या तोंडी बसला आणि जगभर पसरला.

पुढे अमेरिकेत आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६,७४१ स्त्रियांची पावले यंत्राने मोजली. या स्त्रियांचे सरासरी वय ७२ वर्षे होते. नंतर चार वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. पावले वाढली तसा लाभही वाढत गेला. पण सुमारे ७,५०० पावलांनंतर तो आणखी वाढलेला दिसला नाही. म्हणजे दहा हजारांचा आकडा गाठता आला नाही, म्हणून नानी-दादींनी निराश होण्याचे कारण नाही.

पण थांबा! या संशोधनात चिठ्ठ्या टाकल्या होत्या काय? नाही. ज्या स्त्रिया आपणहून जास्त चालत होत्या, त्या जास्त चालणाऱ्या गटात मोजल्या गेल्या. मग शंका येते. त्या चालल्या म्हणून निरोगी राहिल्या, की मुळात निरोगी होत्या म्हणून चालू शकल्या? शास्त्रज्ञांनाही ही शंका येते आणि ते आपल्या हिशेबात तिची दखल घेतात. तरीही ती पूर्णपणे दूर होत नाही. म्हणून अशा पुराव्याचे पारडे चिठ्ठीच्या चाचणीपेक्षा थोडे हलके मानावे. तो टाकून मात्र देऊ नये. अशी अनेक संशोधने वेगवेगळ्या देशांत एकच गोष्ट सांगू लागली, की पारडे जड होत जाते. चालणे आणि व्यायाम यांच्या बाबतीत असेच घडले आहे. तुमच्या वयाच्या मुलामुलींनी रोज सरासरी साठ मिनिटे तरी धावणे, खेळणे, सायकल चालवणे असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून मधल्या सुट्टीत मैदानावर जा. मोबाइल पाहत बाकावर बसू नका.

मित्रांनो, आफ्रिका, योग्यकार्ता, ओडिशा आणि अमेरिका अशा चार ठिकाणी आपण एकच तराजू पाहिला. तो वापरायला प्रयोगशाळा लागत नाही. उद्या मोबाइलवर एखादा संदेश येईल, "हे प्या, सात दिवसांत रोग पळेल." किंवा गल्लीत कोणी कुजबुजेल, "लस टोचू नका, अमक्याच्या मुलाला ताप आला." तेव्हा तीन प्रश्न विचारा. तुलना कशाशी केली? किती लोकांवर केली? आणि गट कसे निवडले? अफवेमुळे एखादी आई आपल्या बाळाला लस देत नाही, तेव्हा त्याची किंमत त्या बाळाला मोजावी लागते. तुमच्या घरात, तुमच्या मोहल्ल्यात तुम्ही शिकलेले आहात. हे तीन प्रश्न विचारणे तुमचे कर्तव्य आहे. मात्र ते अदबीने विचारा. जो उपाय सांगतो, तो बहुधा प्रेमापोटी सांगत असतो.

आता माझ्या भाच्याचे सांगतो. मी त्याला शेवटी इतकेच म्हणालो, "बेटा, तू कशाने बरा झालास, हे एकट्या तुझ्यावरून सांगता येत नाही." त्याला ते उत्तर फारसे आवडले नाही. पण मी पारड्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने कान टवकारले.

महिन्याभराने नानीने गुडघेदुखीसाठी एक नवे तेल आणले. चार दिवसांतच ती त्याचे गोडवे गाऊ लागली. तो शांतपणे म्हणाला, "नानी, दोन्ही गुडघ्यांना लावता, की एकाच?"

"दोन्हींना. का रे?"

"मग दुसरे पारडे कुठे आहे?"

नानी आधी रागावली, मग हसली. त्या दिवसापासून ती तेल फक्त उजव्या गुडघ्याला लावते. गुडघा कोणता, हे मात्र नाणे उडवून ठरवले होते. तिचा नातू भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन्ही गुडघ्यांच्या दुखण्याला गुण देतो. हिशेब अजून चालू आहे.

शब्दार्थ

निरुत्तर होणे – उत्तर न सुचणे
पारडे – तराजूचा पलडा
निष्कर्ष – विचारांती निघालेला नतीजा
पक्षपात – एकाच बाजूची तरफदारी
परजीवी – दुसऱ्याच्या शरीरावर जगणारा जीव
संमती – परवानगी, रजामंदी
सखल – खोलगट, खालच्या पातळीवरचे
संकर – दोन जातींच्या मिलनातून नवी जात तयार करणे
तग धरणे – टिकून राहणे
गोडवे गाणे – खूप तारीफ करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाच्याच्या प्रश्नापुढे लेखक निरुत्तर का झाला?
(आ) आर-२१ ही लस कोणत्या रोगावर आहे?
(इ) दहा हजार पावलांचा आकडा कोठून आला?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गट निवडताना चिठ्ठ्या का टाकतात?
(आ) 'सब-१-ए' हे जनुक भाताच्या रोपाला कशी मदत करते?
(इ) चालण्याविषयीच्या संशोधनाचे पारडे थोडे हलके का मानावे?

३. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
चेहरे उतरणे, कान टवकारणे, हातातोंडाशी आलेला घास जाणे.

४. तराजू, फरक, हिशेब हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम : दोन सारख्या कुंड्यांत सारखीच माती भरा आणि प्रत्येकीत मेथीचे वीस दाणे पेरा. एका कुंडीत शेणखत घाला. ती कोणती, हे नाणे उडवून ठरवा. दोन्हींना सारखेच पाणी आणि ऊन द्या. पंधरा दिवस रोपांची उंची मोजून वहीत तक्ता तयार करा. तुमचा निष्कर्ष वर्गात वाचून दाखवा.